व्हॅनिलाची शेंग फ्रीजमध्ये कशाला? एका फॉरवर्डला उत्तर

पाऊस सुरू झाला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर डाळीतल्या किड्यांचे आणि मिठाला सुटणाऱ्या पाण्याचे उपाय फिरू लागतात. यंदा त्यांत व्हॅनिलाची भर पडली आहे. घोडबंदर रोडपासून कोपरीपर्यंत घरून केक करून देणाऱ्या इतक्या जणी आहेत की मेसेज वणव्यासारखा पसरला. मजकूर थोडक्यात असा: ‘खरी व्हॅनिला लांब, काळीकुळकुळीत आणि मादागास्करचीच, केरळची डुप्लिकेट. शेंगेवर पांढरं दिसलं की बुरशी, फेकून द्या. एकदम 100 ग्रॅम घ्या, तांदळात खुपसून फ्रीजमध्ये ठेवा, दोन वर्षं टिकते. वापरताना बिया घ्या, साल टाका. बाजारातलं इसेन्स बीव्हर नावाच्या प्राण्याच्या ग्रंथीतून काढतात, मुलांना देऊ नका.’

फ्रीजचा सल्ला सगळ्यात महागात पडणारा आहे, म्हणून आधी तोच घेते.

वेलीवरून उतरवलेल्या हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतो. ती गरम पाण्यात बुडवून किंवा उन्हात तापवून ‘मारतात’, मग गुंडाळून घाम आणतात, सुकवतात आणि पेट्यांत घालून मुरवतात. हे काम काही महिने चालतं. या काळात शेंगेतल्या ग्लुकोव्हॅनिलिन नावाच्या बिनवासाच्या द्रव्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं मुख्य द्रव्य, सुटं होतं आणि वास लागतो. म्हणजे आपल्या हातात येते ती मुरवलेली, अर्धवट ओली वस्तू. घरगुती वापराच्या चांगल्या शेंगेत साधारण 25 ते 35 टक्के पाणी असतं. तेवढं पाणी टिकवायचं, वाढू द्यायचं नाही आणि आटू द्यायचं नाही, एवढंच साठवणीचं काम. मेसेज लिहिणाऱ्याने मात्र तिला एका वाक्यात भाजी समजून फ्रीजमध्ये घातलंय आणि त्याच वाक्यात कोरडा मसाला समजून तांदळात पुरलंय.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमधली हवा कोरडी असते. डब्याचं झाकण जरा सैल असलं तरी शेंग हळूहळू वाळते. झाकण घट्ट असलं तर वेगळी गंमत होते. जुलैत आपल्याकडे हवेतला दमटपणा इतका असतो की पंचवीस अंशांच्या पृष्ठभागावरही दव धरतं. पाच अंशांवरची काचेची बरणी ओट्यावर ठेवून बघा. मिनिटाभरात ती बाहेरून घामाघूम होते, आणि ती तशीच गार असताना झाकण उघडलंत की तोच घाम आत शेंगांवर धरतो. पुसायला जावं तर शेंगेच्या सुरकुत्यांतलं पाणी फडक्याला लागत नाही. मग बरणी पुन्हा फ्रीजमध्ये, पुन्हा बाहेर. बुरशीला याहून चांगलं आमंत्रण कुठलं? शिवाय शेजारी चिरलेला कांदा आणि खालच्या कप्प्यात बोंबील असतील तर त्या वासाचं कस्टर्ड कोण खाणार, हा प्रश्न उरतोच.

तांदळाचं म्हणाल तर कोरडे तांदूळ पाणी ओढतात. मोबाइल पाण्यात पडल्यावर लोक याच आशेने तांदळात पुरतात. शेंगेचं तेच होईल: तांदळाला छान वास लागेल आणि शेंग काडी होईल. त्या तांदळाची खीर जरूर करा, पण साठवण म्हणून हा उद्योग नको. सिलिका जेलच्या पुड्याही याच कारणासाठी नकोत.

मग ठेवायची कुठे? घट्ट झाकणाच्या, कोरड्या, उंच आणि अरुंद काचेच्या बरणीत. शेंगा मेणकागदात गुंडाळा आणि बरणी गॅसपासून, उन्हापासून लांब असलेल्या कपाटात ठेवा. गॅसवरच्या कपाटात आणि माळ्यावर उन्हाळ्यात फार तापतं, त्या जागा बाद. बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा बहुतेक फ्लॅटमध्ये बरा असतो (डांबराच्या गोळ्या नसतील तर). दर दोन-तीन आठवड्यांनी बरणी उघडायची, शेंगा नीट बघायच्या, वास घ्यायचा आणि लगेच बंद करायची. तो दिवस शक्यतो उघडिपीचा निवडा.

आता पांढऱ्या थराविषयी. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि पावसाळ्यातल्या ठाण्यात कदाचित अर्ध्याहून जास्त. पण उत्तम मुरलेल्या शेंगेवर कधीकधी व्हॅनिलिनचेच स्फटिक फुटतात. खिडकीपाशी नेऊन शेंग हळूहळू फिरवा. स्फटिक असतील तर बारीक सुयांसारखे चमकतात, आणि वास गोड, खोल येतो. बुरशी चमकत नाही. ती कापसासारखी, मळकट पांढरी, राखाडी किंवा हिरवट दिसते, बहुतेक टोकाकडून सुरू होते आणि वास कुबट असतो. स्फटिक म्हणजे लॉटरी, ती शेंग फेकलीत तर स्वतःलाच दोष द्या. बुरशी म्हणजे कचरा. पुसून, वरचं खरवडून वापरायचा मोह नको. ती शेंग टाका, बाकीच्या एकेक करून तपासा, बरणी धुऊन खडखडीत वाळवा. मात्र स्फटिक नाहीत म्हणून शेंग हलकी, असाही अर्थ काढू नका. बऱ्याच चांगल्या शेंगांवर ते येतच नाहीत. उलट निकृष्ट मालावर बेंझोइक आम्लाचे स्फटिक चढवून विकण्याची लबाडी जुनी आहे.

‘लांब आणि काळीकुळकुळीत’ हा निकष व्यापाऱ्याच्या सोयीचा. लांबीवर भाव ठरतो हे खरं, पण चव ठरते ती शेंग वेलीवर किती पिकली आणि नंतर किती नीट मुरवली यावर. फुलापासून पूर्ण पिकायला आठ-नऊ महिने लागतात. भाव चढले की मादागास्करमध्ये चोऱ्या वाढतात, म्हणून शेतकरी कच्च्याच शेंगा तोडतात. काही जण तर हिरव्या शेंगेवर टाचणीने टोचून आपली खूण करतात आणि ती खूण सुकलेल्या शेंगेवरही दिसते. अशी घाईने तोडलेली शेंग लांब आणि काळी असूनही वासाला पोकळ निघू शकते.

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये वेलची दाताखाली फोडून घेता येते. व्हॅनिला बहुतेक बंद पाकिटातच येते, त्यामुळे परीक्षा घरी आल्यावरच. शेंग बोटाभोवती गुंडाळा. ती न मोडता वळली पाहिजे आणि बोटाला किंचित तेलकटपणा लागला पाहिजे. खजूर हवा, खारीक नको. पण दाबल्यावर लिबलिबीत लागली तर तुम्ही पाण्याचे पैसे मोजलेत. रंग गडद तपकिरी असला तरी बिघडत नाही. अर्क करायचा असेल तर मुद्दाम सुक्या, स्वस्त, बी ग्रेडच्या शेंगा घ्या. त्यांत पाणी कमी, म्हणजे वजनामागे ऐवज जास्त.

केरळची डुप्लिकेट, हे वाचून मात्र संताप आला. केरळ-कर्नाटकातली वेल आणि मादागास्करची वेल एकाच जातीची, व्हॅनिला प्लॅनिफोलिया. तिचं मूळ मेक्सिकोकडचं, त्यामुळे मादागास्करलाही ती पाहुणीच. दोन्हीकडे फुलाचं परागीकरण हातानेच होतं, काडीने पडदा उचलून, आणि फूल उमलतं एकच दिवस. 1841 साली हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने ही युक्ती शोधली आणि त्यावर जगभरची लागवड उभी राहिली. 2000 सालच्या चक्रीवादळानंतर मादागास्करचा माल कमी झाला, भाव गगनाला भिडले, तेव्हा दक्षिणेतल्या शेतकऱ्यांनी धडाधड वेली लावल्या. पुढे भाव कोसळले आणि अनेकांनी त्या उपटून टाकल्या. जे टिकले त्यांच्यातले काही फार चांगला माल देतात, काही देत नाहीत. मादागास्करचंही तसंच.

बिया घ्या, साल टाका, हा सल्ला ऐकून दूधवाल्याला साय परत देण्याचा प्रकार आठवतो. त्या बारीक काळ्या दाण्यांना स्वतःची चव फारशी नसते. वास असतो तो दाण्यांभोवतीच्या चिकट गरात आणि शेंगेच्या आतल्या भिंतीत. शेंग उभी चिरा, सुरीच्या बोथट बाजूने गर खरवडा, आणि गर व साल दोन्ही गरम दुधात घालून गॅस बंद करा. झाकून अर्धा तास राहू द्या. साल काढून धुवा, पूर्ण वाळवा आणि साखरेच्या बरणीत खुपसा. पावसाळ्यात ही साल खिडकीत वाळत नाही. केक झाल्यावर बंद केलेल्या कोमट ओव्हनमध्ये ठेवा. ओलसर साल साखरेत गेली तर साखरेचा दगड होतो. आणि आईस्क्रीममध्ये काळे ठिपके दिसले म्हणून हुरळू नका. अर्क काढून झालेल्या शेंगांचा चोथा दळून ठिपक्यांसाठी वेगळा विकतात.

बीव्हरचं लवकर उरकते. त्याच्या ग्रंथींतला स्राव कधीकाळी थोडाफार स्वादासाठी वापरला गेला हे खरं, पण तो इतका दुर्मिळ आणि महाग की वीस-पंचवीस रुपयांच्या बाटलीत तो घालणं कुणाला परवडेल? बाटलीत असतं ते कृत्रिम व्हॅनिलिन. ते पहिल्यांदा 1874 साली जर्मनीत तयार झालं. आज ते पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या रसायनांतून किंवा लाकडातल्या लिग्निनपासून बनतं. शेंगेतला मुख्य रेणू तोच. शेंगेत त्याच्या जोडीला इतर अनेक सुगंधी द्रव्यं असतात आणि त्यांचेच आपण पैसे देतो. ती कस्टर्डमध्ये, आईस्क्रीममध्ये कळतात. चॉकलेट केकमध्ये शेंग घालणं मला तरी उधळपट्टी वाटते. तिथे इसेन्स चालतं.

राहिले 100 ग्रॅम. एवढ्यात पंचवीस-तीस शेंगा येतात, आणि महिन्याला एखादी शेंग वापरणाऱ्या घराला त्या दोन पावसाळे सांभाळाव्या लागतात. त्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी व्हायला लागल्यावर, पाच-सहा घ्या. मे संपताना उरल्या तर चिरून वोडकात बुडवा, 100 मिलीला निदान 10 ग्रॅम, म्हणजे तीन शेंगा, आणि दोन-तीन महिने अंधारात ठेवा. घरात बाटली नको असेल तर पाव किलो पिठीसाखरेत एक शेंग पुरा आणि बरणी अधूनमधून हलवत राहा.