आरशासारखं पाणी आणि पाठीमागून वारा: एका फॉरवर्डची हजेरी

परवा रात्री भाचीचा मेसेज आला. 'मामा, हे वाच. माझं ठरलं.' खाली तो फॉरवर्ड. तुमच्यापर्यंतही आला असेल: 'विंडसर्फिंगची सुट्टी? उष्ण कटिबंधातलं बेट निवडायची सात सोपी सूत्रं'. शेवटी जोडलेले हात आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'. याआधी तिघांनी तो मला पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी न उघडता सोडून दिला होता. भाची मात्र एका तलावावर दोनदा शिडाशी झटापट करून आलेली. पोहायला चांगलं येतं, हौस दांडगी. तिसरं सूत्र वाचून ती बेट पक्कं करायला निघाली होती. म्हणून आता बसून लिहितोय.

आधी तिसरंच घेतो. बाकीच्या सूत्रांनी सुट्टी वाया जाईल, याने माणूस जाईल. शब्द असे आहेत: 'नवशिक्यांनी आरशासारखं शांत पाणी असलेला किनारा निवडावा. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर लाटा उठत नाहीत, म्हणून तो सर्वांत सुरक्षित.'

लाटा उठत नाहीत, हे खरं. लाट उठायला वाऱ्याला पाण्यावरून बरंच अंतर कापावं लागतं आणि जमिनीवरून आलेला वारा काठाशी नुकता कुठे पाण्यावर उतरलेला असतो. पण त्यावरून 'सुरक्षित' कसं काय ठरलं? शाळेत आपण पर्जन्यछाया शिकलो, तशी वाऱ्याचीही छाया असते. झाडं, इमारती, टेकडी यांच्या पाठीमागे त्यांच्या उंचीच्या वीसेक पट अंतरापर्यंत वारा अडलेला, तुटक असतो. माडांची रांग १५ मीटर उंच असेल तर सुमारे ३०० मीटर. म्हणजे काठाशी वाटतो तो १० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) गोडसर वारा, आणि छाया संपली की तोच १८ नॉट. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे हातातलं ओझं दुप्पटही नाही, सव्वातीन पट होतं. लाटाही तिथेच सुरू होतात. काठावरून दिसतो तो आरसा पहिल्या काही शे मीटरांपुरता.

आणि परत यायचं ते वाऱ्याच्या तोंडावर. कुठलंच शीड सरळ वाऱ्यात शिरत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन राखून, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला पल्ले मारत वर चढावं लागतं. नवशिक्याला नेमकं तेच येत नसतं. तो वळणावर पडतो, आणि शीड पाण्यातून ओढून उभं करेपर्यंत आणखी वीस मीटर खाली सरकलेला असतो. जे कसब त्याच्याकडे नाही, त्याच्याच भरवशावर त्याला घरी यायचं आहे, आणि फॉरवर्ड याला सुरक्षित म्हणतो.

मी हे ऐकीव सांगत नाही. शिकायला लागलो त्या वर्षी अशाच एका गुळगुळीत पाण्यावरून मी मजेत बाहेर गेलो. पहिलं वळण घेताना पडलो. दुसऱ्यांदा पडल्यावर मागे पाहिलं तर किनाऱ्यावरची माणसं मुंग्यांएवढी. तासाभराने मासेमारीच्या एका होडीने मला आणि बोर्डाला वर घेतलं. होडीवाले वाटेत एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

'मतलई वाऱ्यावर होड्या बाहेर जातातच की,' असं कुणी म्हणेल. जातात. पण मतलई वारा रात्री सुटतो, सकाळी ऊन चढलं की पडतो आणि पुढे समुद्राकडून खारा वारा सुटून होड्या घरी येतात. बेटाच्या आडोशाच्या बाजूला जमिनीवरून येणारा व्यापारी वारा असा शहाणा नसतो. तो दुपारीही तिकडेच ढकलतो, संध्याकाळीही.

आता नाइलाजाने एक कबुली. अरुबा बेटावरचा हाडिकुरारी किनारा, ज्याला बरेच जण 'फिशरमन्स हट्स' म्हणून ओळखतात, तो आडोशाच्याच बाजूला आहे. वारा तिरका जमिनीवरून येतो, पाणी सपाट, आणि तरी जगभरातून लोक तिथे शिकायला जातात. फॉरवर्डवाल्याने बहुधा तिथलाच फोटो पाहिला असावा. पण तिथे काठाशी उथळ पट्टा आहे, शिकवणारे डोळ्यांत तेल घालून असतात आणि भरकटलेल्यांना आणायला मोटारबोट असते. बोट आहे, म्हणून ते चालतं. तिच्या पलीकडे पश्चिमेला मोकळा कॅरिबियन समुद्र आहे. बोट नसलेल्या, फोटोत देखण्या दिसणाऱ्या एखाद्या निर्जन किनाऱ्याला तोच नियम लावणं म्हणजे वेडेपणा.

तरीही वाहून गेलातच तर बोर्ड सोडायचा नाही. कितीही चांगलं पोहता येत असलं तरी नाही. शीड पाण्यात पाडा, बोर्डावर पालथे पडा, हातांनी वल्हवा. कुणी दिसलं तर दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करत राहा. समुद्रावर मदत मागायची ही आंतरराष्ट्रीय खूण आहे.

आता पहिलं आणि दुसरं सूत्र एकत्र, कारण दोन्हींचं उत्तर एकच. 'या बेटांवर वारा बारा महिने असतो, कधीही जा' आणि 'विषुववृत्ताच्या जितकं जवळ, तितका वारा जास्त.' व्यापारी वारे पृथ्वीवरच्या सर्वांत भरवशाच्या वाऱ्यांपैकी आहेत, इतपत मान्य. दुसरं सूत्र मात्र साफ उलटं आहे. विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे एकमेकांना भेटतात, हवा वर चढते आणि खाली उरतो तो शांत पट्टा, जिथे शिडाची जहाजं आठवडेच्या आठवडे अडकून पडायची. मालदीवची साखळी उत्तरेकडे सुमारे ७ अंशांपासून थेट विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेपर्यंत पसरली आहे. पाणी अप्रतिम, पण शीड घेऊन आठवडाभर रोज निघता येईल असा वारा मिळेलच, या भरवशावर तिथे जाऊ नये.

माझ्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवू नका, पायलट चार्ट उघडा. अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू फाँटेन मोरीने १८४० च्या दशकात जहाजांच्या जुन्या नोंदवह्या चाळून वाऱ्याचे आणि प्रवाहांचे नकाशे काढले, त्याच परंपरेतले हे नकाशे. आज ते अमेरिकेची नॅशनल जिओस्पेशियल-इंटेलिजन्स एजन्सी काढते आणि फुकट मिळतात. प्रत्येक महासागराच्या वहीत दर महिन्याला एक पान. पानावर ५ अंशांच्या चौकोनांत बाणांची फुलं. बाण जितका लांब तितका त्या दिशेचा वारा नेहमीचा, बाणाच्या पिसांवरून बोफर्ट मापातला जोर कळतो, आणि मधला आकडा म्हणजे शंभरातल्या किती वेळा वारा पडलेला होता ते. ४ जोर म्हणजे ११ ते १६ नॉट, ५ म्हणजे १७ ते २१. मध्यम तयारीच्या माणसाला याच दोन पायऱ्यांमध्ये खरी मजा येते. ही सरासरी उघड्या समुद्राची असते, डोंगराच्या फटीतून सुसाटणारा वारा तिच्यात दिसत नाही. माऊई बेटावर हालेआकाला आणि पश्चिमेचे डोंगर यांच्यामधून तसा वारा सुटतो. पण महिना निवडायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही.

हा चार्ट उघडला की 'बारा महिने'ची हवा निघते. मॉरिशसभोवती आग्नेय वारे मे-जून ते ऑक्टोबर या थंडीच्या काळात दणकट असतात, जानेवारीच्या सुमारास ढिले. झांझिबारला दोन वारे, दोन नावं: डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा कसकाझी, जून ते सप्टेंबर दक्षिणेकडचा कुसी, आणि अधेमधे शुकशुकाट. फिलिपिन्समधलं बोराकाय तर गंमतच आहे. नोव्हेंबर ते एप्रिल अमिहान, म्हणजे ईशान्येचा वारा, तेव्हा शिडं पूर्वेच्या बुलाबोग किनाऱ्यावर. जून ते ऑक्टोबर हबागात, नैर्ऋत्येचा, तेव्हा वारा पश्चिमेच्या व्हाइट बीचवर आदळतो. बेट मधोमध इतकं अरुंद की एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. त्यामुळे 'कुठलं बेट' हा प्रश्नच अर्धवट. कुठला महिना आणि कुठला किनारा, हे आधी विचारा.

पाचवं सूत्र वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि पाणी प्यायलो. 'चक्रीवादळांच्या हंगामात जा, वारा भरपूर आणि गर्दी कमी.' गर्दी कमी असते, खरं आहे. का असते? अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्याच्या ऐन भरात, सप्टेंबर २०१७ मध्ये, इर्मा वादळ बारबुडावरून गेलं आणि त्यानंतर अख्खं बेट रिकामं करावं लागलं. ज्याला विंडसर्फिंग म्हणतात ते अशा वाऱ्यात होत नाही, पत्रे उडतात. आणि वादळ आलं नाही तरी फायदा नाहीच, कारण सप्टेंबर ते नोव्हेंबर याच काळात कॅरिबियनमधले व्यापारी वारे मंदावतात. लांब उत्तरेकडून एखादं वादळ सरकत गेलं तर दक्षिणेच्या बेटांवरचा वारा पडतो, कधी उलटाही फिरतो. म्हणजे एक तर उडून जा, नाही तर बोर्डावर बसून माशा मारा. अरुबा-बोनेर ही दक्षिणेची बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहेत, एवढाच काय तो यातला खरा कण.

चौथं, 'खाजण असेल तर धोका शून्य.' हे कुठल्या खाजणाबद्दल? बोनेरचं लाक बे असेल तर बरंचसं पटेल. ते पूर्व किनाऱ्यावर आहे, वारा समुद्राकडून आत येतो, बाहेर प्रवाळाची भिंत लाटा फोडते, आत मोठ्या भागात पाणी कमरेएवढं आणि तळाला वाळू. वाहून गेलात तर किनाऱ्याला नाही तर कांदळवनाला लागाल. पण मॉरिशसच्या ल मोर्नला तोच हिशेब लावू नका. तिथे प्रवाळावरून आत आलेलं पाणी भिंतीतल्या खिंडींमधून जोराने बाहेर पडतं, आणि वन आय नावाची प्रसिद्ध लाट जिथे फुटते तो भाग मुरलेल्यांचा आहे. झांझिबारच्या पाजेला ओहोटीत पाणी इतकं दूर जातं की बोर्ड डोक्यावर घेऊन चालावं लागतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक न बघता जाणारे तिथे फक्त चालतात.

सहावं, 'बोर्ड स्वतःचाच न्या.' नवशिक्याने? त्याला लागणारा रुंद, जाडजूड बोर्ड विमानात कोण घेणार? तिथे भाड्याने घ्या. स्वतःचे न्यायचे ते तळपाय झाकणारे पाण्यातले बूट, कारण प्रवाळ आणि समुद्रसाळू भाड्याने मिळणाऱ्या बुटांच्या मापाची वाट बघत नाहीत.

सातवं, 'पाणी कोमट, त्यामुळे अंगात काही नको. ढगाळ दिवशी सनस्क्रीनही नको.' ओल्या अंगावर चार तास वारा लागला की कोमट पाण्यातही दात वाजतात. आणि ढगातून भाजलं की दुसऱ्या दिवशी हार्नेसचा, म्हणजे शिडाची ओढ अंगावर घेणारा, पट्टा कमरेला लावून दाखवा. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, प्रवाळासाठी. तेव्हा ट्यूब घेताना मागचा मजकूर वाचा, आणि लांब बाह्यांचा पातळ अंगरखा सगळ्यांत उत्तम.

हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. तिची रजा ऑक्टोबरात. कॅरिबियन तेव्हा मंद, झांझिबारचा कुसी ओसरलेला, बोराकायला वारा कूस बदलत असतो. राहिलं मॉरिशस, तेही हंगामाच्या शेपटाला. म्हटलं, रजा जुलैत नेता आली तर लाक बेला जा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'जुलै मिळतोय. पण मामा, तो फॉरवर्ड मी आमच्या ग्रुपवर टाकलाय, त्यातल्या दोघी ऑक्टोबरचं तिकीट काढून बसल्यात.'

त्या दोघींचे नंबर मागवलेत.