आईचे वळेसर आणि जपानचे म्हातारे

आठवडाभर गोव्यातल्या म्हार्दोळच्या आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. आतेभाऊ पुढच्या वर्षी साठीला सरकारी नोकरीतून निवृत्त होतोय. त्याचं म्हणणं असं, की जपानी माणूस शेवटपर्यंत काम करतो म्हणून नव्वदी गाठतो. आपल्याकडे साठीला घरी बसवतात आणि माणूस खचतो. सगळ्यांनी 'लाइक'चे अंगठे टाकले. वर मलाच विचारलं, "तू तिथेच आहेस, सांग ना!"

एकोणीस वर्षं इथे जपानमध्ये काढून सांगतो, हे खरं नाही.

आमच्या स्टेशनच्या सायकलतळावर एक आजोबा असतात, पंचाहत्तरीचे. सिल्व्हर सेंटरचे, म्हणजे म्हाताऱ्यांना काम मिळवून देणाऱ्या केंद्राचे. 1975 साली टोकियोत सुरू झालेली ही सोय आता देशभर आहे: महिन्यातले दहाएक दिवस हलकं काम, पैसे बेताचे. पहाटे ते एकेक सायकल उचलून रांगेत लावतात, पेडल शेजारच्या चाकात अडकू नये म्हणून हाताने फिरवून ठेवतात. एकदा विचारलं तर म्हणाले, पेन्शन भाड्यातच जातं. इथलं मूळ पेन्शन चाळीस वर्षं हप्ते भरूनही महिन्याला सत्तर हजार येनच्या आतबाहेर. आणि आजोबा तिथे उभे आहेत ते अंगात ताकद आहे म्हणून. ज्यांचे गुडघे गेले ते घरात आहेत, ते कुणाला दिसत नाहीत. धडधाकट माणूसच कामावर टिकतो, आणि आपण श्रेय कामाला देतो!

फ्रान्समध्ये 2023 साली निवृत्तीचं वय 62 वरून 64 करायचं ठरलं तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्या लवकर घरी बसणाऱ्या देशात सरासरी आयुष्य 82 च्या पुढे आहे. अमेरिकेत सत्तरीतही कामावर जाणारे पुष्कळ, तरी तिथली सरासरी 80 च्या खाली. जपानमध्ये 1961 पासून प्रत्येकाला आरोग्य विमा आहे, दरवर्षी तपासणी आहे, जेवणातलं मीठ कमी करायला गावोगाव मोहिमा झाल्या. हे कुणी फॉरवर्ड करत नाही. आणि आपल्याकडे साठीनंतर माणूस रिकामा होता कधी? भजन, उत्सवातलं नाटक, कुळागराचं, म्हणजे पोफळीच्या बागेचं, शिंपण, हे सगळं कोण करत आलं?

एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं आणि पाठवायच्या आधी थांबलो.

माझी आई 78 वर्षांची. जाईच्या कळ्या खुडून आणते, ओसरीवर पाय पसरून बसते आणि केळीच्या सोपाच्या ओल्या दोऱ्यात वळेसर, म्हणजे गजरे, गुंफते. व्हिडिओ कॉलवरही बोटं थांबत नाहीत. इथे ऑफिसात मी अभिमानाने सांगतो, आई अजून काम करते, म्हणून ठणठणीत आहे. आतेभावाचंच वाक्य. मला ते एकोणीस वर्षं उपयोगी पडलं आहे. ती कामात आहे म्हटलं की मला इथे झोप लागते.

काल तिला पहिल्यांदाच विचारलं, तुला हे अजून करायचंय ना?

"गुंफायला आवडतं रे," ती म्हणाली. "पण कळ्या गेल्या पावसापासून शेजारची मुलगी खुडून देते. मला उभं राहवत नाही. तुला सांगितलं नव्हतं."