एकच तर घेतलं!

आज सकाळी शेजारच्या नानांनी माझ्या डेलियाचं फूल तोडलं. तोडलं कसलं, मान पिरगाळली. देठ जेमतेम दोन बोटं. वर, "अहो, एकच तर घेतलं!"

ते फूल मी राखून ठेवलं होतं. डेलिया कळीत कापली तर फुलदाणीत उमलत नाही. ते लाड गुलाबाचे, ग्लॅडिओलसचे. ही बाई झाडावरच पाऊण उमलणार, आणि जरा उशीर झाला की मागच्या पाकळ्या मऊ पडणार. तेवढी वेळ साधायला मी उन्हं यायच्या आत कात्री-बादली घेऊन हजर, आणि नाना दात घासत कुंपणाशी.

"वास नाही?" फुलात नाक खुपसून त्यांनी विचारलं.

"डेलियाला नसतो, नाना."

"खत कुठलं घालता?"

"खताचा काय संबंध? जातच तशी."

"बरं, निळी का नाही लावली?"

"अस्सल निळी डेलिया अजून जगात कुणालाच जमलेली नाही."

"हं," नाना म्हणाले. सगळ्या जगाला माझ्याबरोबर नापास करून ते मोकळे झाले.

मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मधली कळी ठेवून मी बाजूच्या दोन खुडत होतो. त्याने देठ लांब होतो, फूल मोठं येतं.

"अहो अहो, जिवंत कळ्या! हात कसा धजतो तुमचा?"

हे कोण म्हणतंय? ज्याच्या मुठीत माझ्या फुलाचं मुंडकं आहे, तो!

डेलियाला ज्याचं नाव मिळालं, तो स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स डाल. नाव ठेवलं 1791 मध्ये, माद्रिदला. हा गेला 1789 मध्येच. सुटला बिचारा. "वास नाही?" असं त्याला कुणी विचारलं नाही.

राग एका फुलाचा नाही हो. रोप वीतभर वाढलं की जीव घट्ट करून शेंडा खुडायचा, काठ्या रोवून बांधायचं, पानं उलटून किडी शोधायच्या, कंद कुजेल म्हणून कोंब येईपर्यंत पाण्यालाही हात आखडता घ्यायचा. कुंपणापलीकडून मात्र सगळं आपोआप उगवलेलं दिसतं. माझ्या अंगणातल्या खुर्चीचा पाय कुणी "एकच तर" म्हणून मोडून नेत नाही. फुलाला मालकच नसतो, नाही का?

संध्याकाळी नाना पुन्हा हजर. "तुमचं फूल मान टाकतंय. फुलदाणीत उभंच राहत नाही."

"देठ कुठे ठेवलात तुम्ही?"

"ते जाऊ द्या. मला एक कंद द्या. डेलिया कशी लावतात ते दाखवतो तुम्हाला."

देणार आहे. कंदाच्या मानेपाशी डोळा असला तरच कोंब फुटतो. नसला तर कंद कितीही गुबगुबीत असो, मातीत नुसता पडून राहतो. हंगाम संपून कंद खणले की त्यातला सगळ्यात मोठा, सगळ्यात देखणा, बिनडोळ्याचा कंद नानांचा. आणि "पाणी भरपूर घाला बरं का," हेही आठवणीने सांगणार आहे.