जिभेला हाड नसते

२०२४ च्या २० नोव्हेंबरला, बुधवारी, विधानसभेचे मतदान करायला गेलो असता शाळेच्या व्हरांड्यात, ओळखीच्या चाळीसेक माणसांदेखत मला अंगातला टी-शर्ट काढावा लागला. माझे वय तेव्हा सत्तावन्न होते. पोटाबद्दल न बोललेले बरे.

टी-शर्ट रोलिंग स्टोन्सचा होता. एप्रिल २००३ मध्ये ही मंडळी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर गायला आली, तेव्हा बाहेरच्या फुटपाथवर अडीचशेवरून दीडशेवर आणून घेतलेला. एकवीस वर्षांच्या धुण्याने त्याचा काळा रंग राखाडी झाला असला, तरी छातीवरचे लाल ओठ आणि त्यांतून बाहेर आलेली जीभ अजून लांबून ओळखू येते. त्या दिवशी तो हाताला लागला म्हणून घातला. त्यामागे कसलेही वैचारिक धोरण नव्हते.

मतदान अधिकाऱ्याने माझे नाव मोठ्याने वाचले. उमेदवारांचे प्रतिनिधी बाकांवर बसले होते. त्यांतला पंचविशीतला एक तरुण यादीतल्या प्रत्येक नावाखाली लाकडी पट्टी लावून सरळ रेघ ओढत होता. माझ्या नावाखाली पट्टी लावली आणि तो थांबला.

"सर, हरकत आहे. काकांच्या छातीवर चिन्ह आहे."

केंद्राध्यक्ष कुठल्यातरी शाळेतले शिक्षक असावेत आणि आदली रात्र त्यांनी बाकावरच काढली असावी, कारण त्यांच्या गालावर फळीच्या कडेचा वळ अजून होता. त्यांनी माझ्या छातीकडे पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. हे एका इंग्रजी बँडचे बोधचिन्ह आहे, असे मी सांगितले. 'बोधचिन्ह' हा शब्द वापरणे ही माझी पहिली चूक.

"म्हणजे चिन्हच की," तरुण म्हणाला. "कधीची संघटना?"

"१९६२ सालची. पण हा पक्ष नाही हो, गाणी म्हणतात ते."

"अध्यक्ष कोण?"

"अध्यक्ष नसतो. मिक जॅगर गातो."

"म्हणजे बासष्टपासून तोच अध्यक्ष. फूट नाही पडली?"

"१९९३ मध्ये बिल वायमन बाहेर पडले."

"मग चिन्ह कोणाकडे गेलं?"

"कोणाकडे जाणार? त्यांनी मागितलंच नाही."

तरुणाने पट्टी खाली ठेवली. इतका वेळ त्याच्या चेहऱ्यावर केवळ कर्तव्य होते, आता तेथे संशय आला. "काका, माणूस बाहेर पडला आणि चिन्ह मागितलं नाही? कोणाला सांगताय?"

यावर मी निरुत्तर झालो, आणि त्याचे चुकले असे आजही म्हणवत नाही. ज्याने मतदार म्हणून डोळे उघडले तेच मुळी २०२३ मध्ये धनुष्यबाण आणि २०२४ मध्ये घड्याळ मूळ घरातून दुसऱ्या गटाकडे जाताना पाहत, त्याने चिन्हावाचून फुटलेली संघटना कुठे पाहावी? लोकसभेला साताऱ्यात तर तुतारीसारख्या दिसणाऱ्या पिपाणीने घेतलेली मते विजयाच्या फरकाहून अधिक निघाली. मुक्त चिन्हांच्या यादीत फुलकोबी, ढोबळी मिरची, हार्मोनियम आणि चपलासुद्धा बसतात. मग जिभेनेच काय घोडे मारले आहे?

तरीही मी भांडलो. "तुम्ही मला पंजा दाखवून थांबवलंत आणि या हवालदारसाहेबांच्या मनगटावर घड्याळ आहे, त्याचं काय?" असे मी विचारले. हवालदारांनी मुकाट्याने बाही खाली ओढली. केंद्राध्यक्षांनी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३० ऐकवले: केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचार नको, दंड अडीचशे रुपयांपर्यंत. म्हणजे शर्टाच्या किमतीपेक्षा शंभराने जास्त.

या जिभेचा आपल्या निवडणुकीशी काडीचाही संबंध नाही, हे पटवून देण्याच्या भरात मी दुसरी, अक्षम्य चूक केली. जॉन पॅश नावाच्या लंडनच्या एका विद्यार्थ्याने १९७० मध्ये पन्नास पौंडांत हे चित्र काढून दिले आणि त्याला नमुना म्हणून जॅगरने कालीमातेचे चित्र दाखवले होते, हे मी सविस्तर सांगितले. माझ्यामागे उभ्या असलेल्या आजींनी माझ्या पोटाच्या दिशेने हात जोडले.

"सर," तरुण हळूच म्हणाला, "आता यात धर्मपण आला."

केंद्राध्यक्षांनी डोळे मिटले. "शर्ट उलटा करून घालून या. मागे रांग आहे."

डोके शर्टात अडकलेले असताना माणसाला नको ते विचार सुचतात. १९६८ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर चौकात व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चात गेलेला जॅगर २००३ मध्ये, म्हणजे मी हा शर्ट घेतला त्याच वर्षी, राजवाड्यात गुडघा टेकून 'सर' झाला. पक्षांतर ते पक्षांतरच, फक्त त्याला पस्तीस वर्षे लागली, आपल्याकडे सकाळच्या शपथविधीला उजाडण्याचीही वाट पाहत नाहीत. १९८४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगनसाहेबांनी न्यू जर्सीच्या प्रचारसभेत तिथल्याच स्प्रिंगस्टीन या गायकाच्या गाण्यांतल्या आशेचे गुणगान केले, तेव्हा त्याचे गाजत असलेले गाणे व्हिएतनामहून परतून बेकार हिंडणाऱ्या सैनिकाचे होते. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या सभांतून स्टोन्सचेच एक गाणे वाजे, हवे ते नेहमीच मिळत नाही असे बजावणारे. बँडने नको म्हटले तरी ते वाजतच राहिले. मते मागताना असे गाणे लावणारा उमेदवार निदान प्रामाणिक तरी म्हणायला हवा.

वसतिगृहात असताना आम्ही 'द हू' या दुसऱ्या इंग्रजी बँडचे १९७१ चे, पुन्हा फसणार नाही असे गर्जून सांगणारे गाणे कॅसेट झिजेपर्यंत ऐकले. त्याच्या शेवटाकडे त्यांचा गायक रॉजर डाल्ट्री जी किंकाळी फोडतो, ती आम्हाला क्रांतीची वाटायची. आता ती निकालानंतरच्या सकाळची वाटते. २०१९ मध्ये दिलेल्या एका मतावर मी तीन मुख्यमंत्री पाहिले, त्यांतले एक सरकार ऐंशी तासांचे. माझे मत गुवाहाटीच्या हॉटेलात मुक्कामाला आहे, हे मला टीव्हीवरून कळले. त्याने निघताना मला विचारले नव्हते, आणि परत आल्यावर खड्ड्यांबद्दल भेटायला गेलो तर साहेब बैठकीत होते. याबद्दल कोणी हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कलमे सगळी माझ्या टी-शर्टासाठी.

शर्ट उलटा घालून, हनुवटीखाली धुण्याच्या सूचनांची चिंधी फडफडवत मी पुन्हा टेबलासमोर उभा राहिलो. तरुणाने वाकून पाहिले.

"आरपार दिसतेय सर, थोडी."

"थोडी चालते," केंद्राध्यक्ष म्हणाले.

बोटाला शाई लागली, बटण दाबले, यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली.

घरी आलो तर पत्नी म्हणाली, "अगंबाई, शर्ट उलटा? गावभर असेच फिरून आलात?" ती सकाळी सातलाच, त्याच खोलीत, त्याच तरुणासमोर मत देऊन आली होती. अंगावर अजून तीच मोतिया साडी होती, जिच्या काठावर आणि पदरभर कमळे विणलेली आहेत.

"तुला कोणी काही म्हणालं नाही?" मी विचारले.

"म्हणाला ना तो पट्टीवाला. काकू, पायरी जपून, म्हणाला. फार गुणी मुलगा."