पाचशेच्या विटेत तीन लॉट

नेमबाजीच्या पिस्तुलाला लागणाऱ्या .२२ काडतुसांची पाचशे राउंडची वीट, म्हणजे मोठं खोकं. आत पन्नासाच्या दहा डब्या. पैसे मोजले, शस्त्र परवान्यावर नोंद झाली, आणि डब्या उलट्या करून बघितल्या तर चारवर एक लॉट नंबर (लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेला माल), पाचवर दुसरा, आणि उरलेली एक डबी तिसऱ्याच लॉटची! वरचं वेष्टण दुकानातच फाडून, जुळवून, चिकटपट्टी मारलेली. परवाची गोष्ट. काउंटरवर विचारलं तर उत्तर काय? "बावीसच आहे ना? गोळी ती गोळी."

गोळी ती गोळी म्हणे. पंचवीस मीटर प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या फेरीच्या, टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं, आतला दहा २५ चा. चांगलं पिस्तूल, त्याला मानवलेला लॉट, वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं की दहा गोळ्या २० मिलिमीटरच्या आसपास बसतात. न मानवणारा लॉट त्याच पिस्तुलातून ४५-५० पर्यंत पसरतो. म्हणजे हाताची तसूभर चूक झाली तरी नऊ. शिवाय लॉट बदलला की गोळीचा वेग थोडा बदलतो आणि ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, टार्गेटवर वर किंवा खाली सरकतो. साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, दोन क्लिक द्या, पुढची डबी उघडा, दोन क्लिक परत घ्या. पोराला वाटतं आपला ट्रिगर बिघडला. कोच मनगट बघतो, ग्रिप तासतो, पायांतलं अंतर बदलतो. तीन आठवडे असे जातात, आणि दोष डबीच्या बुडाशी छापलेल्या नंबरात!

आणि लॉट तपासणं फुकट होतं का? आधीच्या लॉटचं मेण बॅरलमधून निघून नव्याचं बसेपर्यंत दहा-पंधरा राउंड मारावे लागतात, ते मोजायचे नाहीत. मग दहाचे चार ग्रुप. म्हणजे एका लॉटला ५५ राउंड. तीन लॉटचे १६५. पाचशेच्या विटेतला तिसरा हिस्सा नुसता चाचणीत! आणि ती जी तिसऱ्या लॉटची एकटी डबी आहे, तिच्यात पन्नासच राउंड आहेत. तिची स्वतःची चाचणीसुद्धा तिच्यात पुरी होत नाही. ती डबी विकणाऱ्याने नेमकं काय विकलं, ते त्याने सांगावं.

बरं, वीट परत करावी म्हटलं तर नोंद झालेली. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे ठरलेलं असतं. त्यातले पाचशे गेले ते गेले. किराणा दुकानात भेसळीची डाळ निघाली तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. इथे दुसरं दुकान कुठे आहे? जे आहे तिथेही "स्टॉक नाही, पुढच्या महिन्यात बघा", आणि राज्य स्पर्धेच्या तोंडावर तोच स्टॉक अचानक, चढ्या भावाने, हजर.

भावाचं बोलायचं तर हिशेब सरळ आहे. पंचवीस मीटर पिस्तुलाचा एक सामना म्हणजे ३० प्रिसिजन, ३० रॅपिड (झटपट मारायच्या) आणि दोन्हींआधी पाच-पाच साइटर, म्हणजे न मोजायच्या चाचणीच्या गोळ्या: ७० राउंड. सरावाला दोन डब्या धरा, १००. आठवड्यातून चार दिवस. वर्षातले दोन आठवडे सोडले तरी २०,००० राउंड. म्हणजे काडतुसामागे एक रुपया वाढला की घरातून वर्षाला २०,००० रुपये जास्त जातात. एक रुपया! आणि इथे भाव एकेक रुपयाने वाढतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने अलीकडे काडतूस घेतलेलं नाही.

मग सल्ले. "स्वस्तातलं घ्या." घेतलं. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या काडतुसात, पेटणारं रसायन टरफलाच्या कडेत असतं. ओलं असताना ते गरगर फिरवून कडेत पसरवतात. कडेच्या एखाद्या भागात ते पोचलं नाही आणि फायरिंग पिन नेमकी तिथेच आपटली की नुसतं टक् वाजतं. तेच काडतूस फिरवून परत चेंबरमध्ये घातलं तर बऱ्याचदा उडतं, म्हणजे बारूद ठीक, काम कच्चं. दारूचं वजन कमी-जास्त असेल तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग, पुरती मागे जात नाही, टरफल तोंडातच अडकतं. रॅपिडमध्ये दर गोळीला तीन सेकंद आणि मध्ये सात सेकंद. दुसऱ्या गोळीला जॅम झालं की ती पाच गोळ्यांची सिरीज तिथेच तुटली. सरावातली सिरीज भरूनही येईल, पण पुढचे पंधरा दिवस बोट ट्रिगरवर दचकतं त्याचं काय?

मिसफायर झालं, म्हणजे गोळी उडालीच नाही, की पिस्तूल टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबा, मग स्लाइड ओढा. आवाज दबका आला तर पुढची गोळी अजिबात मारायची नाही. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, बॅरलमध्ये रॉड घालून गोळी अडकली नाही ना ते बघा. न उडालेली काडतुसं रेंज ऑफिसरकडे जमा करा, कचऱ्याच्या डब्यात नाही. हे सगळं पोरं शिकतात ते काडतूस खराब मिळतं म्हणून.

दुसरा सल्ला: "ड्राय फायर करा, फुकट आहे." म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबून सराव. करतात हो, रोज करतात! ज्या पिस्तुलात ड्राय फायरची सोय नाही त्यात रिकाम्या चेंबरवर पिन आपटून कडेला खड्डा पडतो, हे सल्ला देणाऱ्याला माहीत नसतं. ड्राय फायरने ट्रिगर सुधारतो, नजर स्थिर होते. पण धक्का बसल्यावर साइट परत टार्गेटच्या काळ्या वर्तुळाखाली आणायची, हे रिकाम्या पिस्तुलावर कसं शिकणार? तिसरा सल्ला: "एअर पिस्तूलच मारा." तो वेगळा प्रकार आहे. त्यात रॅपिड नाही. चौथा: "टरफलं परत भरून वापरा." रिमफायरची? कड एकदा चेपली की ते टरफल भंगार.

सगळ्यात संताप येतो तो अंतराचा. खडकीला दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला काडतुसांचा कारखाना. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालयही पुण्यातच. आणि त्याच पुण्यात, बालेवाडीच्या रेंजवर, स्पर्धेच्या दिवशी मॅगझिनमध्ये भरायला इंग्लंडच्या एलीची नाहीतर जर्मनीहून आलेली लापुआ, आरडब्ल्यूएस, एसकेची वाट बघायची. दीडशे वर्षं काडतूस करणाऱ्या गावातल्या पोरांना एकसारख्या लॉटचं .२२ परदेशातून मागवावं लागतं. याची कुणाला लाज कशी वाटत नाही?

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचं कांस्य घेतलं, तेही याच .२२ वर. पदक आलं की मिरवणूक निघते, फ्लेक्स लागतात, सत्काराला रांग लागते. त्या फ्लेक्सच्या पैशात रेंजला एका लॉटची पाच हजार राउंडची पेटी येईल, हे एकाही नेत्याला सुचत नाही.

तोवर काउंटरवर एवढं करा. नोंद व्हायच्या आधी वीट फोडायला लावा. दहाच्या दहा डब्या उलट्या करा, नंबर मोठ्याने वाचा. एक जरी वेगळा निघाला तर परवाना परत खिशात. शक्य असेल तर चौघांनी मिळून एकच लॉट मागा, एकाने चाचणी करून चौघांना ग्रुपचे फोटो पाठवा. म्हणजे ५५ राउंड एकाचेच जातील. आणि "गोळी ती गोळी" म्हणणाऱ्यासमोर दोन लॉटची दोन टार्गेटं ठेवा, बाजूबाजूला, आणि त्यालाच पट्टीने मोजायला लावा.