दात्यांची उतरंड कशी रचावी

मुलींचं वसतिगृह चालवणारी तुमची संस्था जळगावात असो, शहाद्यात असो की चोपड्यापलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी. आधी एक्सेल उघडा आणि मदत करणाऱ्यांची नावं रकमेच्या उतरत्या क्रमाने लावा. लाखाच्या वरचे आश्रयदाते, दहा हजारांच्या वरचे हितचिंतक, बाकी सगळे 'इतर'. झालं, माणसं ओळखली.

कार्यकारिणीत एखादा शहाणा म्हणेल, रक्कम राहू द्या, माणूस कामात किती गुंतलाय ते बघा. दर शनिवारी येणारे वेगळे, चार जण जोडून देणारे वेगळे, नुसता धनादेश धाडणारे वेगळे. मनावर घेऊ नका. त्यासाठी अधूनमधून वसतिगृहावर जावं लागेल, आणि तो रस्ता फार खराब आहे.

शिवाय कायदा आपल्या बाजूने आहे. देणगीवरची आयकर सवलत (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०जी) पैशांच्या देणगीलाच, तीही रोख असेल तर २,००० रुपयांपर्यंत. दरवर्षी आयकर खात्याला देणगीदारांचं विवरण भरताना नाव, पॅन, रक्कम लिहायची. पोरींना गणित शिकवणाऱ्या निवृत्त बाईंचे तास लिहायला त्यात रकानाच नाही. रकाना नाही म्हणजे बाई नाहीत. वर्षाला १०१ रुपये देतात ना, मग 'इतर'मध्ये बसवा.

१९३६ साली आपल्या खान्देशातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. नंदलाल बोस यांनी तिथे बांबूसारख्या साध्या, गावच्या सामानातून सजावट केली. सी.एस.आर., म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायचा पैसा, तेव्हा नव्हता, त्यामुळे भिंतीभर प्रायोजकांचा फलक लावायचं बिचाऱ्यांना सुचलं नसावं.

तुम्ही मात्र वर्धापनदिनाला कसर करू नका. पहिल्या रांगेत सोफे, त्यावर आश्रयदाते. ते दीड तास उशिरा येतील, तोवर पोरींना उन्हात स्वागतगीताला उभं ठेवा. बामणोदची वांगी पहाटेपासून कपाशीच्या काड्यांवर भाजणाऱ्या, मग ती ठेचणाऱ्या बायांना मंडपात बोलवायची गरज नाही. धुराचा वास येतो. भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन पाहुणे म्हणतील, "वा, अस्सल खान्देशी!" की लगेच फोटो काढा. आभार मानताना उतरंड मोडू नका: मोठ्यांना शाल, मधल्यांना गुलाब, आणि 'ज्ञात-अज्ञात हातांचे आभार' म्हणताना मागच्या बाजूला हात हलवा. अज्ञात हात तिथेच ताटं विसळत असतात.

पुढे कधी रात्री वसतिगृहाची पाण्याची मोटार जळाली, तर यादी वरून धरा. पहिल्या साहेबांचा फोन पीए उचलेल, दुसरे दुबईत, तिसरे "प्रस्ताव मेल करा" म्हणतील. खाली पोहोचेपर्यंत तुमच्या लक्षात येईल, 'इतर'वाल्यांचे नंबर आपण लिहूनच घेतलेले नाहीत. घाबरू नका. कुण्या पोरीने सांगितलं म्हणून शेजारच्या गावचे जिभाऊ पान्हा घेऊन विहिरीवर पोहोचलेलेही असतील. त्यांना चहा पाजा, आणि तो खर्च प्रशासकीय खर्चात टाका.