त्यांच्या वहीतली भिशी

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये शनिवारी सकाळी मी आमच्या लायब्ररीत लोकांचे टॅक्स भरून द्यायला बसते. व्हिटा नावाचा अमेरिकी सरकारचा उपक्रम आहे. आम्ही स्वयंसेवक परीक्षा देऊन बसतो आणि कमी उत्पन्नवाल्यांची विवरणपत्रं फुकट भरून देतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक बाई आल्या. पन्नाशीच्या, मूळच्या मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या. बरोबर दुभाषी म्हणून पंधरा वर्षांची मुलगी, आणि पिशवीत शाळेची एक जाडजूड वही.

उत्पन्नाचा काही पुरावा आहे का विचारलं, तर त्यांनी ती वही पुढे केली. स्पॅनिश मला येत नाही, पण वहीचं शेवटचं पान बघताच कळलं. एका बाजूला बारा नावं, वर बारा महिने, चौकटीत बरोबरच्या खुणा, आणि दर महिन्याला एकाच नावाभोवती गोल. मी मुलीला म्हटलं, "ही भिशी आहे ना?" तिने आईला सांगितलं, आईने मान हलवली. "तांदा."

मेक्सिकोत तिला तांदा म्हणतात, ग्वातेमालाकडे कुचुबाल. प्रत्येकीने महिन्याला ठरलेले पैसे भरायचे, एकीने सगळे उचलायचे, मग पुढचीचा नंबर. चालवणारीचा नंबर बहुधा पहिला, कारण कुणी बुडवलं तर भरून द्यायची जबाबदारी तिची. सेन्योरा (स्पॅनिशमध्ये बाईंना असं म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणते) अकरा वर्षं तांदा चालवत होत्या. बारा बायका, महिन्याला प्रत्येकी २०० डॉलर. एकदाही बुडाली नव्हती. एकीचा नवरा आजारी पडला तेव्हा दोन हप्ते त्यांनी पदरचे भरले, तेही वहीत लिहिलेलं होतं आणि नंतर परत आल्याची खूणही होती.

आणि याच बाईंना त्या वर्षी एका बँकेने ५,००० डॉलरचं कर्ज नाकारलं होतं. कारण लिहिलं होतं : पतइतिहास उपलब्ध नाही.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

लातिना, म्हणजे मेक्सिको, मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या किंवा त्या घरांतल्या बायका. इथल्या आपल्या मराठी लोकांतले बरेच जण त्यांना ओळखतात ते घर साफ करायला येणारी किंवा मुलं सांभाळणारी म्हणून. त्यांच्यातल्या कितीतरी जणी शनिवार-रविवारी स्वतःचा धंदा करतात. तामाले (मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेलं, आत सारण असलेलं मक्याचं पीठ), फुलं, केक, शिवणकाम, मुलांचं पाळणाघर. त्यांना मदत करायची म्हटलं की पहिला विचार येतो तो "त्यांना शिकवू या" असा. माझं मत उलट आहे. बहुतेकींना धंदा येतोच. त्यांचा धंदा कागदावर नाही, ही अडचण आहे. मदत करायची तर ती तिथे करा.

सेन्योरांनी असं एक प्रशिक्षण घेतलेलं होतं. संस्थेचं नाव घेत नाही, हेतू चांगलाच असणार. आठ मंगळवार संध्याकाळी जाऊन बसायचं. ब्रँड म्हणजे काय, लोगोचा रंग कसा निवडावा, तुमचं स्वप्न एका वाक्यात लिहा. शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. त्यानंतर कर्ज नाही, परवान्याचा अर्ज नाही, ओळखीचं एक गिऱ्हाईकसुद्धा नाही. ते प्रमाणपत्र त्यांनी मला दाखवलं तेव्हा ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं. मला फार वाईट वाटलं. आठ संध्याकाळी, दिवसभर दुसऱ्यांची घरं पुसून आल्यावर.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात एकदा पहाटे चारला जाऊन बसले आहे. मक्याचं पीठ, म्हणजे मासा, चरबी घालून इतकं फेटायचं की त्याची बारीक गोळी पाण्याच्या ग्लासात टाकली तर तरंगली पाहिजे. बुडाली की पुन्हा फेटायचं. सेन्योरांनी तीनदा गोळी टाकली, तिसऱ्यांदा ती वर आली, तेव्हा कुठे मक्याच्या भिजवलेल्या सालींवर पीठ पसरायला घेतलं. मोठ्या पातेल्याच्या तळाशी, पाण्यात, त्यांनी एक नाणं टाकलं. मी विचारलं कशाला. पाणी उकळत असेपर्यंत नाणं खडखडत राहतं. आवाज थांबला की समजायचं पाणी संपलं, झाकण न उघडता. दोन तास त्या पाठ करून दुसरी कामं करत होत्या आणि कान त्या नाण्याकडे. या बाईला कामाचं नियोजन कोण शिकवणार?

एक गोष्ट मात्र मी त्यांच्याशी बोलले, कारण हिशेब हा माझा विषय आहे. एका शनिवारचा जमाखर्च आम्ही मांडला. २४० तामाले, तीन डॉलरला एक, म्हणजे ७२० डॉलर. सामान, गॅस, फॉइल धरून ३०० खर्च. हातात ४२०. त्या खूश होत्या. मग मी विचारलं, तास किती लागले? त्यांचे आणि मुलीचे मिळून तीस. म्हणजे तासाला चौदा डॉलर, आणि कॅलिफोर्नियातलं किमान वेतन सोळाच्या वर आहे. मुलगी आईला हे सांगता सांगता थांबली. आई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. स्वतःचे तास तिने कधी धरलेच नव्हते. पुढच्या आठवड्यापासून तामाले साडेतीन डॉलरला झाले. तासाला अठरा पडू लागले. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

आता तांदाकडे परत येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात, व्हॅलेन्सिया स्ट्रीटवर, लीव्हाय स्ट्रॉसचा कपड्यांचा कारखाना होता. तो २००२ साली बंद झाला. तो विकून आलेल्या पैशांच्या आधारावर २००७ मध्ये मिशन अ‍ॅसेट फंड ही संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख होसे किन्योनेस स्वतः लहानपणी मेक्सिकोतून आलेले. त्यांनी नवीन काही शोधलं नाही. बायकांची तांदा होती तशी ठेवली, फक्त कागदावर आणली. सगळ्यांनी करारावर सही करायची, हप्ता बँकेतून जायचा, व्याज शून्य, आणि प्रत्येक हप्ता वेळेवर भरल्याची नोंद क्रेडिट ब्यूरोंकडे, म्हणजे लोकांच्या पतीचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, जायची. एवढ्याने ज्या बाईचा पतइतिहास "उपलब्ध नाही" होता, तिचा तयार होऊ लागला. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने या पद्धतीला कायद्यात जागा दिली, आणि २०१६ मध्ये किन्योनेस यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. मला विचाराल तर अशा कामात इतकं साधं आणि इतकं नेमकं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. ते त्या बायकांचं जे चाललं होतं त्यावर विश्वास ठेवण्यापासून सुरू झालं.

पैशांनंतर येतं स्वयंपाकघर. कॅलिफोर्नियात २०१३ पासून घरी केलेले काही पदार्थ विकता येतात. पाव, बिस्किटं, जॅम, टोर्टिया, चुरोसुद्धा. तामाले नाहीत, कारण आत मांस असतं आणि ते गरम किंवा थंड ठेवावे लागतात. २०१८ च्या दुसऱ्या एका कायद्याने घरगुती खाणावळीला परवानगी दिली, पण आधी काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, ते मान्य करायला हवं, आणि दिवसाला ३० जेवणांची मर्यादा आहे. शनिवारी २४० तामाले करणारीने काय करायचं? स्वतःचं व्यावसायिक स्वयंपाकघर बांधायचं तर हातात मोठी रक्कम हवी. म्हणून तासाने भाड्याने मिळणारं, परवाना असलेलं स्वयंपाकघर ही सगळ्यात मोठी मदत ठरते.

मिशनमध्येच २००५ पासून ला कोसिना हेच करते. कमी उत्पन्नाच्या, बहुतेक स्थलांतरित बायकांना स्वयंपाकघर, परवान्यांची कामं, हिशेब आणि बाजारपेठ, सगळं एका ठिकाणी. तिथून बाहेर पडलेल्या आलिसिया विलानुएवा मासात्लानहून आलेल्या. बर्कलीत दारोदार तामाले विकायच्या, आज हेवर्डला त्यांचा तामालेंचा कारखाना आहे. सगळंच साधतं असं नाही. ला कोसिनाने २०२१ मध्ये टेंडरलॉइन भागात जुन्या पोस्टाच्या जागेत बायकांच्या खाद्यपदार्थांचा मोठा बाजार उघडला. कोविडनंतर आसपासची ऑफिसं रिकामी होती, दुपारचं गिऱ्हाईक आलंच नाही, आणि २०२३ मध्ये तो बंद करावा लागला. तरी मी त्यांच्या बाजूची आहे, कारण तिथे बायकांना प्रत्यक्ष जागा आणि गल्ला मिळाला होता.

मग रस्ता. २०१९ च्या जानेवारीपर्यंत कॅलिफोर्नियातल्या कितीतरी शहरांत फुटपाथवर विकणं हा गुन्हा धरला जाऊ शकत होता, आणि कागदपत्रं नसलेल्या बाईवर गुन्हा नोंदला जाणं म्हणजे थेट देशाबाहेर जाण्याची भीती. एसबी ९४६ या कायद्याने तो फौजदारी भाग काढला, आता दंडापुरतं ठेवलं. पण आरोग्य खात्याचा नियम तसाच राहिला. गाडीवर भांडी धुवायला तीन कप्प्यांचं बेसिन, वर हात धुवायला वेगळं. तामाले वाफवून आणून गरम पातेल्यातून द्यायचे असतात, त्या गाडीवर कोण भांडी घासतं? तो नियम सैल व्हायला २०२२ चा आणखी एक कायदा लागला. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोने मिशन स्ट्रीटवर फेरीवाल्यांना बंदीच घातली, कारण तिथे चोरीचा माल विकला जात होता. तो जात होता, हे खरं आहे. पण फळं कापून विकणारी बाई आणि चोरीचा साबण विकणारा माणूस यांना एकाच नियमाने उठवलं गेलं, ते मला आजही पटत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांची धरपकड सुरू झाली तेव्हा लोकांनी गाडीवरचा सगळा माल एकदम विकत घेऊन बायकांना घरी पाठवलं. चांगलं केलं. पण गाडी रिकामी झाली तरी पुढच्या महिन्याचं भाडं उरतंच.

हे सगळं मला इतकं लागण्याचं कारण आहे. माझी आत्या परळला खाणावळ चालवायची. दहा-बारा गिरणी कामगार दोन वेळ जेवायला, महिन्याचे पैसे पगाराला, तोवर किराणा उधारीवर आणि उधारी सावकाराच्या व्याजावर. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि अशा बायकांना गटाच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बायकांना स्वयंपाक शिकवायला कुणी गेलं नाही. बँकेच्या दारात त्यांच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं. अमेरिकेत तरी वेगळं काय होतं? इथल्या काही राज्यांत बाईला धंद्यासाठी कर्ज हवं तर घरच्या पुरुषाची सही मागता येत असे. तो प्रकार १९८८ च्या कायद्याने बंद झाला. माझ्या जन्मानंतर.

आणि मी स्वतः २००९ मध्ये एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याची बायको म्हणून, आले. पुण्यात सहा वर्षं हिशेब तपासलेले, इथे एक डॉलर कमवायची परवानगी नाही. २०१५ मध्ये आमच्यापैकी काहीजणींना कामाचा परवाना मिळू लागला तोवर मी घरात बसून होते. काम येत असूनही कागद नसला की माणूस कसा आतून खचतो, ते मला पुस्तकातून कळलेलं नाही.

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, आपल्या लोकांना माझं सांगणं आहे. मागच्या वर्षी आपल्याच एका कार्यक्रमाला सेन्योरांकडे तीनशे तामालेंची ऑर्डर दिली, आणि आदल्या रात्री फोन करून "इतके घेतोय तर काही कमी करा" म्हणून पन्नास डॉलर पाडले. मी तिथे होते, मला लाज वाटली. मोठ्या केटररला आपण असा फोन करत नाही. ऑर्डर देताना निम्मे पैसे आगाऊ द्या, कारण सामान त्यांना रोखीने आणावं लागतं. आणि रोख देऊ नका. धंद्याच्या नावाने चेक द्या, बिल मागा. त्या बिलांच्या जोरावर पुढच्या मार्चमध्ये मी त्यांचं उत्पन्न दाखवू शकते आणि तो कागद घेऊन त्या बँकेत जाऊ शकतात. ज्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही त्या आयटिन नंबरवर कर भरतात, १९९६ पासून ती सोय आहे. या बायका कर भरत नाहीत असं जे सर्रास बोललं जातं, ते माझ्या टेबलासमोर येऊन बोला.

कुणाला इंग्रजी अर्ज भरता येत असतील, हिशेब येत असेल, तर व्हिटाची परीक्षा द्या. अवघड नाही. दोन शनिवार दिले तरी पुष्कळ होतात. स्पॅनिश येत नसेल तरी चालतं, मुली येतात बरोबर. त्यांना तेवढ्या वेळापुरतं मुलगी राहू द्या, आकड्यांचा ताण आपण घ्या.

सेन्योरा गेल्या वर्षापासून ओकलंडला एका परवाना असलेल्या स्वयंपाकघरात तासाने जागा घेतात, शुक्रवारी रात्री दहा ते पहाटे चार, कारण तो दर कमी आहे. तांदा अजून चालू आहे. बारापैकी पाचजणी आता कागदावरच्या भिशीतही आहेत.

ऑर्डर हवी असेल तर मला मेसेंजरवर लिहा, मी जोडून देते. दोन दिवस आधी सांगा, साली भिजवाव्या लागतात. शाकाहारी असाल तर "राहास" मागा, आत मिरची आणि चीज असतं. पण पिठात डुकराची चरबी असते, म्हणून आवर्जून सांगा : "सिन मान्तेका", म्हणजे चरबी नको. मग त्या तेलात फेटतात. त्याला वेळ जास्त लागतो, गोळी लवकर तरंगत नाही, म्हणून त्याचे पंचवीस सेंट वेगळे. ते द्या.